एका हाताचं काम

पहाटे साडेतीनचा गजर मी आता वाजायच्या आधीच बंद करतो. आईची कूस बदलायची वेळ असते. गेल्या फाल्गुनात ती न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, मिरजेला ऑपरेशन झालं. चौऱ्याऐंशीचं वय. ती पुन्हा उभी राहिली नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या होत्या. दर दोन तासांनी कूस बदला, आणि पाठ-कंबर स्वच्छ आणि कोरडी ठेवा. पाठीला एकदा जखम झाली की ती भरायला महिने जातात. तेव्हापासून सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात, आईच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर, वाइप्सचं, म्हणजे अंग पुसायच्या ओल्या रुमालांचं, पाकीट असतं. त्या पाकिटाबद्दल मला लिहायचं आहे. ज्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांना हा विषय लहान वाटणार नाही.

आईला कुशीवर वळवलं की माझा डावा हात अडकतो. तळवा तिच्या खांद्यामागे, कोपर कमरेपाशी. वजन फार नाही तिचं, पण ऑपरेशनचा पाय दुसऱ्या पायावर चढू नये म्हणून मध्ये उशी असते, ती सरकू नये हेही याच हातानं बघायचं. उरला उजवा. त्यात हातमोजा. या एका हातानं डायपरची पट्टी सोडायची, वाइप काढायचा, पुसायचं, घडी उलटून परत पुसायचं, टाकायचा, दुसरा काढायचा. आई गप्प असते. तिला या वेळी बोललेलं आवडत नाही. ती भिंतीकडे बघत असते आणि मला ठाऊक असतं, की जितका वेळ मी लावीन तितका वेळ ती उघडी राहणार आहे.

आणि नेमकं तेव्हाच ते पाकीट उघडत नाही.

त्याचं तोंड म्हणजे वरच्या बाजूला कापलेलं एक लांबट भोक आणि त्यावर लावलेला स्टिकर. स्टिकरचं एक टोक बिनगोंदाचं असतं, तिथं बोट घालून उचलायचं. हे टोक अर्ध्या पेराएवढं, पाकिटाच्याच रंगाचं, पाकिटाइतकंच गुळगुळीत. रात्रीच्या मंद दिव्यात ते दिसत नाही आणि हातमोज्यातून बोटाला लागत नाही. लागलंच तर स्टिकर ओढताना त्याच्याबरोबर अख्खं पाकीट उचललं जातं, कारण खाली दाबून धरायला दुसरा हात नसतो. मी कोपरानं दाबून पाहिलं, वर पाण्याचा तांब्या ठेवून पाहिला. शेवटी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली आणि पाकीट स्टुलाला चिकटवून टाकलं. चार दिवस बरे गेले.

स्टिकर निघाला तरी काम झालं असं नाही. आतले वाइप्स एकमेकांत अडकवलेल्या घडीचे असतात. एकाचं शेपूट दुसऱ्याच्या घडीत, म्हणजे वरचा ओढला की खालच्याचं टोक आपोआप भोकाशी यावं. कल्पना फार चांगली आहे आणि जमते तेव्हा खरोखर जमते. पण भोक जरा मोठं कापलेलं असलं किंवा आत पाणी जास्त असलं, की एकाच्या मागून चार येतात, साखळीसारखे. आलेले परत आत जात नाहीत. हातमोज्याला लागलेलं सगळं त्यांना लागलेलं असतं, त्यामुळे ते आत कोंबणंही बरं नव्हे. आणि भोक लहान असलं की उलटं. वरचा तुटक्या टोकासारखा आत राहतो, मग दोन बोटं आत घालून तळातून उकरायचं. ज्या बोटांनी नुकतंच काय पुसलंय ते सांगायला नको, ती बोटं स्वच्छ वाइप्सच्या पाकिटात. हे दर वेळी माझ्या जिवाला लागतं.

सकाळी येणाऱ्या मावशी शेजारच्या हरिपूरच्या. त्या माझ्यापेक्षा कितीतरी सफाईनं हे सगळं करतात, पण उन्हाळ्यात त्यांनीही हात टेकले. “दादा, वरलं सगळं कोरडं पडलंय बघा. नुसता कागद झालाय.” चैत्र-वैशाखात सांगलीची हवा कशी असते हे इथल्यांना माहीत आहे. दुपारी बाराला वाळत घातलेलं धोतर एकपर्यंत खडखडीत होतं. त्यात आईच्या डोक्यावर पंखा चोवीस तास. स्टिकरची एक कड जरी उचललेली राहिली, तरी संध्याकाळपर्यंत वरचे पाच-सहा वाइप्स गेले. आणि कड राहतेच. गोंदाला कापसाचे तंतू चिकटतात, वाइप ओढताना भोकाच्या काठावर पाणी येतं, ओल्या प्लास्टिकवर गोंद धरत नाही. निम्मं पाकीट संपेपर्यंत स्टिकर नावाला उरतो.

मग मी पाकिटं निरखायला लागलो. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, एखादी गोष्ट का बिघडते हे समजल्याशिवाय मला चैन पडत नाही. आतलं पाणी जड, ते हळूहळू तळाशी उतरतं. म्हणून वरचे कोरडे आणि शेवटचे ठिबकणारे. उपाय सोपा आहे, पाकीट पालथं ठेवायचं. पण पालथं ठेवलं की ते पाणी स्टिकरशी येतं आणि स्टिकर आणखी लवकर सुटतो. शिवाय माझं पाकीट तर स्टुलाला चिकटवलेलं. एका अडचणीचा उपाय दुसऱ्या अडचणीवर जाऊन बसतो, असं त्या इवल्याशा पाकिटात मी महिनाभर बघत होतो.

काही पाकिटांना स्टिकरऐवजी प्लास्टिकचं झाकण असतं. अंगठ्यानं दाबलं की टक्‌ करून उघडतं, बोटानं लोटलं की बंद. एका हाताला हेच हवं. मुद्दाम सांगतो, कारण चांगल्याला चांगलं म्हटलं पाहिजे. पण आमच्या मेडिकलमध्ये अशी झाकणं फक्त लहान बाळांच्या पाकिटांना मिळाली. मोठ्या माणसांचे मोठ्या आकाराचे वाइप्स स्टिकरवालेच. बाळ चार महिन्यांचं असतं, त्याचे दोन्ही पाय एका हातात मावतात, आई-बापाचा दुसरा हात मोकळा असतो. आमच्यासारख्यांचा नसतो. ज्याला झाकण जास्त हवं त्यालाच ते मिळू नये, याचं मला वाईट वाटतं.

माझ्या लहानपणी ओला तुकडा जपून ठेवायची एक वस्तू होती. पाटी पुसायची डबी. बामची नाहीतर स्नोची रिकामी डबी, आत स्पंजाचा तुकडा किंवा आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी, सकाळी पाण्यात बुडवून पिळून ठेवलेली. शाळा सुटेपर्यंत ती ओली राहायची. झाकण घट्ट, डबी चिंधीच्याच मापाची, आत हवेला जागा नाही. माझी डबी पत्र्याची होती, हिरवी. तिचं झाकण मी शर्टाच्या कडेला घासून एका हातानं उघडायचो, कारण दुसऱ्या हातात पाटी. सात वर्षांच्या पोरालाही त्या वस्तूशी झगडावं लागलं नाही. ती चिंधी आईच कापून द्यायची. काठ दुमडून टाके घालायची, दोरे पाटीवर पडू नयेत म्हणून.

मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “आमच्याकडं तर पेवं होती की.” त्यांचे सासरे हरिपुरात पेवांवर कामाला होते. जमिनीत खोल खोदलेली ही कोठारं, त्यात हळद भरायची आणि तोंड असं लिंपून टाकायचं, की वर्षानुवर्षं माल तसाच राहायचा. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आत श्वास घ्यायला हवाच नसते, तोंड बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. “तोंड नीट मिटलं की माल राहतो,” मावशी म्हणाल्या आणि स्टिकरवर तळहात दाबून धरला. कृष्णेच्या काठचा माणूस हे कधीपासून जाणतो. २००५ च्या पुरानं हरिपूरची किती पेवं बाद केली, हे त्यांनी घरात बसून पाहिलंय.

पुराचं निघालंय म्हणून आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही आईला घेऊन विश्रामबागला बहिणीकडे गेलो होतो. पाणी उतरल्यावर मी एकटा घरी परत आलो. गुडघाभर गाळ. चौकटीला गाळ, देव्हाऱ्यात गाळ, नळाला पाणी नाही. मदतीच्या पोत्यात कुणीतरी वाइप्सची छोटी पाकिटं घातली होती. ज्यानं घातली त्याला मी मनापासून दुवा दिला, कारण डोळ्यांत गाळ गेला होता आणि हात धुवायला काही नव्हतं. पण पाकिटावर “इथून फाडा” असा बाण, आणि चिखलानं माखलेली बोटं. ती घसरत राहिली. शेवटी दातांनी फाडलं. तोंडात गाळ आणि फिनेलची चव आली, ती अजून आठवते. हात स्वच्छ असते तर मला त्या पाकिटाची गरजच नव्हती.

तेव्हा एवढा विचार केला नव्हता. आता करतो. ही वस्तू आली कुठून ते मी शोधलं. अमेरिकेत आर्थर ज्युलियस नावाच्या गृहस्थांनी १९५८ साली ‘वेट-नॅप’ हे नाव नोंदवलं, एकेका पाकिटात एकेक ओला रुमाल बंद करून तो त्या नावानं आणला, आणि १९६३ पासून तो केंटकी फ्राइड चिकन या हॉटेलांच्या गिऱ्हाइकांना जेवणाबरोबर मिळू लागला. जेवण झालंय, माणूस खुर्चीत बसलाय, दोन्ही हात मोकळे, बोटांना थोडं तेल. त्या माणसासाठी ते पाकीट अगदी योग्य होतं. पुढे हा रुमाल तान्ह्या बाळांकडे गेला, आजाऱ्यांकडे गेला, स्वयंपाकाच्या ओट्यावर गेला, संडासात गेला. हात बदलले, पाकीट फारसं बदललं नाही, असं मला वाटतं.

आता जे घडलं ते लिहितो. श्रावणातली गोष्ट. करोनानंतर आमच्याकडे ओटा आणि दाराच्या कड्या पुसायचे जंतुनाशक वाइप्स येतात. त्यांचं पाकीट निळं-पांढरं, वर पानाचं चित्र आणि पाण्याचा थेंब. आईच्या वाइप्सचं पाकीट निळं-पांढरं, वर पानाचं चित्र आणि पाण्याचा थेंब. दोन्हींवर सगळं इंग्रजीत. मावशी चौथी शिकलेल्या, मराठी पेपर वाचतात, इंग्रजी येत नाही. मी बाजारात गेलो होतो. स्टुलावरचं पाकीट संपलं म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवरचं नवं पाकीट घेतलं.

मी आलो तेव्हा आई रडत होती. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा ती रडली नव्हती. कातडी लालभडक झाली होती. म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, आणि ती आधीच ओलीनं हळवी झालेली. मावशी हात जोडून उभ्या होत्या. “दादा, मला काय म्हाईत, सारखंच हाय की हो!” डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, भरपूर पाण्यानं धुवा. आम्ही दोघांनी तांब्या-तांब्यानं धुतलं, गादी भिजली, चादरी बदलल्या. दोन दिवसांनी लाली उतरली. मी भिंग घेऊन ते पाकीट वाचलं. बेन्झाल्कोनियम क्लोराइड, जंतू मारायचं रसायन. फरशी-ओट्यासाठीच, अंगाला वापरू नये. लिहिलेलं होतं. पाठीमागे, घडीच्या आत, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत.

मावशींची चूक नव्हती, हे मी त्यांना त्या दिवशी दहा वेळा सांगितलं आणि इथं पुन्हा लिहितो. आपल्या देशात पाकीटबंद वस्तूंसाठी २०११ चे वैध मापनाचे नियम आहेत. किंमत, नग किती, बनवल्याचा महिना, बनवणाऱ्याचा पत्ता, तक्रार कुठं करायची, हे सगळं छापावं लागतं. पण हे हिंदीत किंवा इंग्रजीत असलं की पुरतं. सोबत दुसऱ्या भाषेत छापायला मनाई नाही, सक्तीही नाही. मग कोण छापणार? महाराष्ट्रभर रुग्ण सांभाळणाऱ्या, पोटासाठी पहाटे घर सोडून दुसऱ्याच्या आईला पुसणाऱ्या बायका मराठी वाचतात. ‘अंगासाठी’ आणि ‘फरशीसाठी’ हे दोन शब्द ठसठशीत छापायला किती शाई लागते? मी शाळेत मराठी शिकवलं. वाचता येणारं माणूस वाचता न येणाऱ्यासारखं उभं केलेलं पाहिलं, की माझा संताप होतो.

आता आमच्याकडे दोन्ही पाकिटांवर मी लिहितो. शाईचा पेन प्लास्टिकवरून पुसला जातो, म्हणून जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी आधी लावतो आणि तिच्यावर ‘आई’, ‘ओटा’. फळीही वेगळी केली. ओट्याच्या पाकिटाला लाल सुतळी बांधली, अंधारातही हाताला कळावी म्हणून.

कचऱ्याचंही सांगायला हवं. घंटागाडीवाल्या पोरानं एकदा पिशवी परत दिली. “काका, हे ओल्यात नाय टाकायचं.” ओला कचरा म्हणजे कुजणारा. हा रुमाल ओला असला तरी पुष्कळदा त्याच्या धाग्यात पॉलिस्टर असतं, म्हणजे प्लास्टिकच. युरोपात २०२१ पासून प्लास्टिक असलेल्या वाइप्सच्या पाकिटावर तसं ठळक छापावं लागतं, सोबत कासवाचं चित्र. माझ्याकडच्या एकाही पाकिटावर मला तसं काही सापडलं नाही. त्या पोराला मात्र ते माहीत होतं. आता कागदात गुंडाळून वेगळं देतो.

गणपतीत मी पाकिटावरच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. ईमेल नव्हे, हातानं, तीन पानी. उघडायचं टोक वेगळ्या रंगाचं करा आणि त्यावर बोटाला लागतील असे उंचवटे द्या. मोठ्या माणसांच्या पाकिटालाही अंगठ्याचं झाकण द्या. ते वेगळं विकत द्या, आम्ही जपून नव्या पाकिटाला लावू, दर आठवड्याला एक झाकण फेकायला नको. पाकिटाच्या पाठीला थोडा गोंद द्या, स्टुलाला धरून राहील असा. कशासाठी आहे ते मराठीत पुढच्या बाजूला लिहा. आणि पाकीट बनवणाऱ्यानं एकदा डावा हात पाठीमागे बांधून, उजव्यात हातमोजा घालून, दिवा मालवून ते उघडून बघावं. उत्तर आलं, इंग्रजीत, सोबत पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन. मी परत लिहिलंय. उत्तर येईपर्यंत लिहीत राहीन.

तोवर रात्रीची सोय म्हणून झोपायच्या आधी चार वाइप्स काढून स्टीलच्या ताटलीत मांडतो, वर आईच्या जुन्या सुती साडीचा ओला तुकडा झाकतो. बऱ्याचदा पुरतात. परवा पुरले नाहीत. दिवाळीतली पहाट, बाहेर कुठंतरी पहिला फटाका वाजला होता. पाचवा हवा होता आणि नव्या पाकिटाचा स्टिकर काही केल्या सुटेना. माझं बोट तीनदा घसरलं. आई नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“काय करालायस एवढा वेळ?” तिनं विचारलं.

“निघत नाही गं हे.”

“आण इकडं. माझे दोन्ही हात रिकामेच हायत की.”

मी तिच्या खांद्यावरून पाकीट पुढे दिलं. ते तिनं छातीशी धरलं, बोटांनी चाचपत कड शोधली, आणि अंगठ्याच्या नखानं स्टिकर सावकाश वर केला. डोळे मिटलेलेच. “ओढ,” म्हणाली. मी ओढला. एकच आला. पुसून झाल्यावर तिनं स्टिकर खाली बसवला आणि त्याच्या कडेनं अंगठा फिरवत नेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये कुठं न थांबता, आयुष्यभर करंज्यांच्या कडा दाबल्या तसा.

“आता सुटायचा नाही,” ती म्हणाली. पाकीट तिनं परत दिलं नाही. उशाशी ठेवून घेतलं.